ठिगळूची कुंची

डोंगरकडा,
५ जुलै २०२५

तीर्थस्वरूप गोजरआत्यास,
वैजनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करतो. आणि हेही कबूल करतो, की ही कबुली लिहायलाच अकरा दिवस गेले. पहिल्या दिवशी पेन नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेन मिळालं, तर कागद चौकटीच्या वहीचा होता. त्यावर लिहिलं असतं तर तू गणित समजून परत पाठवलं असतंस. तिसऱ्या दिवशी पाकीट आणायला वारंगा फाट्यावर गेलो. तिथं केळीची गाडी पंक्चर होऊन उभी होती. ड्रायव्हरला टायर बदलू लागलो, बोलत बोलत त्याच्याच गाडीत बसलो आणि निजामाबादला जाऊन आलो. पाकीट तिथंही मिळालं नाही. फोन करावा तर डोंगरकड्याचा नंबर दिसला की तू कापतेस. मागं तूच म्हणाली होतीस, की ज्याला चार ओळी कागदावर लिहायची तकलीफ घेववत नाही त्याचं काम खरं नसतं. माझं काम खरं आहे, आत्या. म्हणून बसलो.

तर काम असं. थोरल्या संतरामकाकांच्या घशात गाठ निघाली. संतरामकाका म्हणजे तुझा सख्खा भाऊ. हे तुला सांगायची गरज नाही, पण एकवीस वर्षांत तू त्यांचं नाव घेतलं नाहीस म्हणून आठवण दिली. त्यांची लेक प्रियदर्शनी नांदेडला शिकते, तिनंच दवाखाना गाठला. ऑपरेशन ३१ जुलैला. डॉक्टर म्हणाले की जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. ३१ नंतर काका खुणेनं नाहीतर पाटीवर लिहून बोलणार. डॉक्टर तंबाखूला दोष देतात आणि काका मोंढ्यातल्या हळदीच्या धुळीला. तीस वर्षं हळदीच्या लिलावात बोली पुकारलेला माणूस. हळदीला दुसऱ्या कोणी नाव ठेवलेलं खपवून घेत नाही, पण स्वतः दोष मात्र तिलाच देतो.

यात दुसरं एक काम मिसळलं. पुण्याच्या सरिता नावाच्या एक बाई आहेत. पोरांचे जुने टीव्ही कार्यक्रम शोधून त्या त्यांची माहिती गोळा करतात. त्यांनी नेमसिंगमामांना फोन केला, की 'वाकळेवरचं गाव' हा कार्यक्रम तुमच्याच कॅमेऱ्यावर झाला ना, तर त्याचा इतिहास आणि लोकप्रियतेची कारणं दोन पानांत लिहून द्या. आणि जमलं तर त्यातल्या बाहुल्या, गाठोडआजी आणि ठिगळू, यांचं दहा मिनिटांचं नवीन बोलणं करून द्या, त्यांना ते लोकांना दाखवायचंय. नेमसिंगमामांनी लिहायचं काम माझ्यावर टाकलं. दहावीला मराठीत मला छत्तीस मार्क होते हे त्यांना माहीत आहे, पण रिकामा मी एकटाच होतो.

गाठोडआजीचा आवाज काका, ठिगळूचा आवाज तू. आता तूच हिशेब लाव. ३१ च्या आत तुम्ही दोघं एका खोलीत बसला नाहीत, तर आजी कायमची मुकी होणार. काकांना मी हे सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "गोजर येती का, इचार." मला वाटतं त्यांना कार्यक्रमाचं काही पडलेलं नाही. त्यांना तुझ्याशी काहीतरी बोलायचंय आणि आवाज आहे तोवर बोलायचंय. काय, ते सांगत नाहीत. मी दोनदा विचारलं, तर तिसऱ्यांदा विचारायच्या आत मला शेण काढायला लावलं.

तरी इतिहास कळव, आणि येतेस का तेही. लोभ आहेच, माझ्या आळसाकडं बघून तो कमी करू नये.

तुझा भाचा,
वैजनाथ


हट्टा,
९ जुलै २०२५

चि. वैजनाथास अनेक आशीर्वाद.

तुझं अकरा दिवसांचं पत्र चौथ्या दिवशी पोचलं. पोस्टमन तुझ्यापेक्षा चपळ आहे. निजामाबादला गेलास ते तुझ्या बापाला सांगितलंस का? माझा धाकटा भाऊ आयुष्यभर एसटी चालवत आला, तरी ठरलेल्या थांब्यावरच थांबला. त्याच्या पोटी हे असलं पोरगं कसं आलं, देव जाणे.

इतिहास विचारलास, तर लिही. नेमसिंग तांड्यावरचा. वारंग्याला त्याचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान. आषाढ लागला की मुहूर्त संपायचे आणि कॅमेरा चार महिने पोत्यात पडायचा. दोन हजार एक सालच्या पावसाळ्यात तो आपल्या घरी कॅमेऱ्याला ऊन द्यायला आला होता. ऊन नव्हतंच. सोबत त्याची तीन वर्षांची पुजा, तापानं फणफणलेली, रडून घर डोक्यावर घेत होती. मी वाकळ गुडघ्यांवर पसरली, तिचे डोंगर केले, निळा पदर सोडून कयाधू नदी केली आणि चिंध्यांचं एक पोरगं त्यावरून चालवलं. तोच ठिगळू. डोंगरकड्याच्या माणसानं मागून एका गाठोड्याला दोन गुंड्या लावल्या आणि म्हातारीच्या आवाजात त्याला विचारलं, की काहून रडून राहिलास बाळा, घुगऱ्या शिजायला टाकल्यात. मोंढ्यात शिव्यांशिवाय वाक्य पुरं न करणाऱ्या माणसाच्या तोंडून इतका मऊ आवाज निघाला, की पोरगी गप झाली. मीही झाले. नेमसिंगनं कॅमेरा चालूच ठेवला होता.

ते त्यानं गावातल्या केबलवर दाखवलं. पुढं कोणी ओळखीनं कॅसेट मोठ्या वाहिनीकडं नेली आणि रविवारी सकाळी महाराष्ट्रभर दिसायला लागलं. नवे भाग पावसाळ्यातच व्हायचे. लग्नसराई आली की नेमसिंग पळायचा, मग जुनेच भाग फिरायचे. पोरं पोस्टकार्डं टाकायची, की ठिगळू लग्नाला गेलाय का. मी उत्तर द्यायची, की व्हय, जेवून येतो. चार पावसाळे चाललं. मग बंद पडलं, मी डोंगरकडा सोडलं आणि माझ्या सासरच्या या रिकाम्या घरात हट्ट्याला आले. एवढा इतिहास पुरे.

लोकप्रियतेची कारणं मला माहीत नाहीत. ती बघणाऱ्याला विचार.

घशाचं वाचून वाईट वाटलं. जेवण जातंय का, ते कळव. भाकरी दुधात कुसकरून द्यायची, तिखट बंद. पण मी येणार नाही. त्या माणसाला एकवीस वर्षं आवाज होताच की. तेव्हा काय त्याला कोणी दवाखान्यात ठेवलं होतं?

तुझ्यावरची माया आहे तशीच आहे, ती मागून घ्यायची गरज नाही.

तुझी आत्या,
गोजरबाई


वारंगा फाटा,
१३ जुलै २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र नेमसिंगमामांच्या दुकानात बसून लिहितो. समोर ट्रॅव्हल्सवाले ओरडून राहिले, बाजूला भजी तळून राहिलेत, तेव्हा अक्षराला बोल लावू नको. दोनदा उठलो, तिसऱ्यांदा मामांनी दाराला कडी लावली.

तू म्हणालीस म्हणून कारणं बघणाऱ्यांना विचारत निघालो. ज्यांनी लहानपणी 'वाकळेवरचं गाव' बघितलं ते आता पंचवीस-तीस वर्षांचे बाप्ये आहेत. फाट्यावर ड्युटीला असलेला एक पोलीस निघाला. मी ठिगळूचं नाव काढलं, तर त्यानं ट्रकवाल्याची पावती फाडायची थांबवली आणि घुगऱ्यांचा भाग सगळा सांगितला. त्या भागात काय होतं? आजीनं घुगऱ्या चुलीवर ठेवल्या आणि अकरा मिनिटं दोघं त्या शिजायची वाट बघत बसले. बस. आताच्या कार्टूनमध्ये तेवढ्या वेळात तीन शहरं पडतात. पोलीस म्हणाला, आमच्या घरात सगळे सगळ्यांना घाई करायचे, तेवढी अकरा मिनिटं कोणी करत नव्हतं. मग त्यानं पावती फाडली. केळीवाला ड्रायव्हर म्हणाला, की त्यात कोणी जिंकत नव्हतं म्हणून बरं वाटायचं. तो स्वतः शाळेत कायम हरायचा. नेमसिंगमामांची पुजा, तीच तापातली, आता दोन पोरांची आई आहे. ती म्हणाली, आजी रागावली तरी तिचा आवाज चढत नव्हता. तिला वाटायचं, सगळ्या घरांत असंच असतं. मग तिचं लग्न झालं.

सरिताबाईंना ही कारणं पाठवली. त्यांचा निरोप आला, की छान आहे पण जरा मुद्देसूद लिहा. मुद्देसूद म्हणजे काय ते मामांनाही माहीत नाही.

आता खरी गोष्ट. गुरुवारी काका दुकानात आले. कोणी बोलावलं नव्हतं. स्वतःच सहाआसनीत बसून आले. मिशी कोरलेली, धोतर धुतलेलं. मामांनी माइक लावला, टेबलावर वाकळ पसरली. काकांनी गाठोडआजी हातात घेतली. गुंड्यांचे डोळे तसेच आहेत, एक थोडा सैल झालाय. आणि आत्या, त्यांनी तोंड उघडलं तर त्या चिरकलेल्या घशातून तोच आवाज आला. मी चार वर्षांचा झालो एकदम. आजी म्हणाली, "ठिगळू, इकडं ये बाळा, तुला एक सांगायचंय." आणि गप बसली. मामांनी खूण केली की बोला. मी ठिगळूला हातात घेऊन हलवला. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि आपल्या खऱ्या आवाजात सांगितलं, की तू ठेव ते, तुला जमणार न्हाई. मग तसेच उठून बाहेर गेले आणि सहाआसनीत पुढच्या सीटवर जाऊन बसले. ती भरायला पाऊण तास लागला. तेवढा वेळ ते तिथंच बसून होते.

मी आता सरळ विचारतो. तुमच्या दोघांत झालं काय? गावात विचारलं तर दर घरी निराळी कथा. एक म्हणतो वावराच्या बांधावरून बिनसलं. दुसरा म्हणतो, वाहिनीनं काकांचं नाव आधी दाखवलं आणि तुझं नंतर, म्हणून. तिसरा म्हणाला, बाहुली कोणाची यावरून. अडीच वितीच्या चिंधीवरून दोन शहाणी माणसं एकवीस वर्षं बोलणार नाहीत, असं मी त्याला ठणकावून सांगितलं. बराबर सांगितलं ना?

अठरा दिवस उरलेत. काका जेवतात, पण गिळताना डोळे मिटतात. दुधभाकरीचा निरोप सांगितला. कोणी सांगितलं हे विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र दुधभाकरीच मागतात.

माया तू मागू नको म्हणालीस म्हणून मागत नाही, गृहीत धरतो.

वैजनाथ


हट्टा,
१७ जुलै २०२५

चि. वैजनाथास अनेक आशीर्वाद.

गावातल्या त्या तिसऱ्या माणसाला जाऊन सांग, की तुझंच बराबर आहे. अडीच वितीच्या चिंधीवरूनच झालं. तू उगाच ठणकावलंस.

दोन हजार तीनचा श्रावण. प्रियदर्शनीचा जन्म झाला. लग्नानंतर नऊ वर्षांनी तुझ्या काकाला लेकरू झालं. मी तिची आत्या, एकुलती एक. पोरीचं नाव ठेवायचा मान माझा आणि तिला कुंची घालायचा मानही माझा. तुमच्या वेळी बाजारच्या टोप्या आल्या. पण आपल्याकडं लेकराच्या डोक्यापासून पाठीपर्यंत येणारी खणाची कुंची आत्याच शिवून आणते, ती घातल्याशिवाय पोर पाळण्यात घालत नाहीत. मी दोन महिने शिवत होते. हिरवा खण, लाल काठ, टोकाला मोत्यांचं झुंबर. मला लेकरू झालं नाही आणि नवरा लवकर गेला. जे काय शिवायचं मनात साठलं होतं ते सगळं त्या एका कुंचीत गेलं.

बारशाच्या आदल्या दिवशी शूटिंग होतं. नेमसिंगचा दिवा वाकळेवर कलंडला, ठिगळूचं अंगडं जळालं. दुसऱ्या सकाळच्या गाडीनं कॅसेट जायची होती. मी बाळंतिणीचं पाणी तापवायला आत गेले होते. बाहेर आले तर ठिगळूच्या डोक्यावर माझी कुंची. तुझ्या काकानं माझ्या पिशवीतून काढली, माझ्याच कात्रीनं बेतली, माझ्याच सुईनं टाचली. मला म्हणाला, की गोजर, तुझा हात चलाख आहे, दुसरी शिवशील. एका रात्रीत. मी त्याला काही बोलले नाही. कारण, खरं सांगते, ठिगळूला ती शोभून दिसत होती.

मी बारशाला रिकाम्या हातानं गेले. घरातलीच, पण तरी गेले म्हणते, कारण त्या दिवशी ते घर बाळंतिणीच्या माहेरच्या बायकांनी भरलं होतं. त्यांनी माझे हात बघितले. एक म्हणाली की आत्याला कुंची जड झाली. दुसरी, ती हिंगोलीची पारुबाई, म्हणाली की न्हाई बाई, जिची कूस रिकामी तिच्या पोटात दुखणारच. बरं झालं, तिच्या हातचं काही पोरीच्या अंगाला लागलं न्हाई. सगळ्या ऐकत होत्या. तुझा काका पेढ्यांचं ताट घेऊन दाराशी उभा होता. त्यानंही ऐकलं. माझ्याकडं बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, की कुंची तिनं आणली होती, मी कापली. मोंढ्यात शंभर माणसांच्या कालव्यात ज्याचा आवाज ऐकू जायचा, त्याच्यानं दहा बायकांत एवढं बोलवलं नाही. त्यानं ताट पुढं केलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. मलाही दिला.

पुढचं तर ऐकच. तो कुंचीचा भाग सगळ्यांत जास्त चालला. पोत्यानं पोस्टकार्डं आली. अर्ध्या पोरांनी एकच विचारलं होतं, की ठिगळूची कुंची कोणी शिवली. मी प्रत्येकाला उत्तर लिहिलं, की त्याच्या आत्यानं. तीनशे कार्डं लिहिली. मग एक दिवस पेन ठेवलं आणि हट्ट्याची गाडी धरली.

म्हणून त्या मशीनपुढं मी येणार नाही. म्हातारीच्या आवाजात 'ठिगळू, तुला एक सांगायचंय' म्हणणं सोपं आहे. कापड कापल्याचा मला राग नाही, कापड परत मिळतं. पण चार बायकांत गेलेला शब्द चार बायकांतच परत यावा लागतो, खोलीत दार लावून नाही.

हे पत्र तुला वाचायला आहे. दुसऱ्या कोणाला वाचून दाखवलंस, तर मी तुला अडवू शकत नाही.

पाऊस कसा आहे? सोयाबीन पिवळं पडलं असेल तर कळव.

आत्या


डोंगरकडा,
२२ जुलै २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

यावेळी उशीर माझा नाही, काकांचा. सोयाबीन बरं आहे.

तुझं पत्र मी काकांना वाचून दाखवलं. तू अडवलं नव्हतंस. ते बाजेवर बसून दोरी वळत होते. बारशाचा भाग आला तेव्हा हात थांबले. पुरं झाल्यावर म्हणाले, की तेवढं पुन्हा वाच. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा म्हणाले, की पेढा दिला तिथपासून वाच. मग दोरी तशीच टाकून गोठ्याच्या पत्र्यावर चढले आणि दगड नीट लावत बसले. पत्रा गळत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला विचारलं, की त्या बारशातल्या बायका आता कुठं कुठं हायेत. मला कसं माहीत असणार, मी तेव्हा तीन वर्षांचा. काकूनं बोटांवर मोजून सांगितलं. काकूची आई गेली. एक मावशी गेली. एक पोरासोबत सुरतेला आहे. उरली हिंगोलीची पारुबाई. काकांनी टोपी घातली. डॉक्टरनं बोलायचं कमी करा म्हणून सांगितलंय, हे मी म्हणालो, तर म्हणाले, की उरलाय तो आवाज तिथंच वापरायला चाललोय. मला सोबत नेलं.

आत्या, आता हे वाचताना हसू नको. पारुबाई ब्याऐंशीच्या आहेत आणि ठार बहिऱ्या. आम्ही गेलो तर त्यांना वाटलं काका आमंत्रण घेऊन आले. काकांनी ओट्यावर बसून सांगायला सुरुवात केली, की पारुबाई, त्या दिवशी कुंची गोजरनं आणली होती. पारुबाई म्हणाल्या, की चहा घेऊनच जा. काकांनी आवाज चढवला. पारुबाई म्हणाल्या, की पोरीचं जमलं का, बरं झालं. मग काका उभे राहिले आणि लिलावात पुकारतात तसं ओरडले, "कुंची तिनं आणली होती. मी कापली." गल्लीतली दारं उघडली. समोरचा पिठाच्या गिरणीवाला बाहेर आला, शाळेत चाललेल्या पोरी थांबल्या, एक कुत्रं भुंकायला लागलं. सबंध गल्लीनं ऐकलं, एका पारुबाईनं सोडून. त्यांनी काकांच्या हातात कप दिला आणि मला हळूच विचारलं, की यांचा घसा बसलाय का.

येताना जीपमध्येच काकांचा आवाज पार बसला. दोन दिवस नुसतं फुस्स निघत होतं. प्रियदर्शनीनं फोनवर मला जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. तिला मी कुंचीचं काहीच सांगितलं नाही. काकांनी सांगावं.

मला वाटतं आता हे इथंच संपलं, आत्या. तू म्हणतेस शब्द त्याच बायकांत परत यावा. त्या बायकाच उरल्या नाहीत, आणि जी उरली तिला ऐकू येत नाही. यात कोणाचा दोष काढायचा? दहा मिनिटांचं बोलणं तर सोडूनच दे. सरिताबाईंना मी दोन पानं पाठवली आणि लिहिलं, की आजीला बरं नाही. त्यांनी विचारलं की ठिगळू तरी मिळेल का. मी लिहिलं, तो लग्नाला गेलाय.

बोअरच्या गाडीवर काम आहे, गाडी कर्नाटकात जाते. एक तारखेला निघेन म्हणतो. ३१ ला दवाखान्यात मी असेन. तू येशील का, हे विचारायचं नव्हतं, तरी लिहून गेलो.

आशीर्वाद पाठव, यावेळी दोघांच्या वाटचे.

वैजनाथ


हट्टा,
२८ जुलै २०२५

चि. वैजनाथास अनेक आशीर्वाद.

पत्र शनिवारी मिळालं. हसू नको म्हणालास, पण मी हसले. नंतर चूल पेटवायची विसरले.

पहिली गोष्ट, गाठ असलेल्या घशानं माणूस ओरडतो आणि तू शेजारी चहा पितोस, हे मला पटलं नाही. त्याला आता एक शब्द बोलू देऊ नको. कोमट पाण्यात मीठ, दिवसातून तीनदा. मी सांगितलं म्हणून सांगू नको, डॉक्टरनं सांगितलं म्हण. दुसरी गोष्ट, बोअरच्या गाडीवर जायचं तर जा, पण बापाला सांगून जा, आणि चप्पल घालून काम करत जा.

तिसरी गोष्ट लिहायला दोन दिवस लागले. बघ, तुझी सवय मला लागली. तू विचारलंस, यात दोष कोणाचा काढायचा. मी रात्रंदिवस तेच उगाळत होते. पारुबाईनं ऐकलं असतं तर काय झालं असतं? ती म्हणाली असती, बरं बाई. तेवढ्यानं माझं काय फिटणार होतं, माझं मलाच सांगता येईना. पण त्यानं ओरडून सांगितलं, तेही मी तिथं नसताना, हे वाचलं आणि मला त्याचाच राग आला. तिला काय सांगतो? ज्या बाईनं बोलून दाखवलं तिच्या दारात गेला, जिनं ऐकून घेतलं तिच्या दारात यायला मात्र त्याला वाट सापडत नाही. एवढं त्याला सांग. सांगू नको, राहू दे. गुरुवारी ऑपरेशन आहे, माणसाला शांत जाऊ दे.

मी दवाखान्यात येईन की नाही, ते अजून ठरवलं नाही. आले तर आत येणार नाही, बाहेर बाकड्यावर बसेन. पिशवी भरून ठेवलीय, पण ती मी अशीही भरून ठेवत असते.

उद्या पंचमी. गल्लीतल्या सासरी गेलेल्या लेकी माहेरी आल्यात, कोणाला भाऊ घेऊन आला, कोणी आपली आपली आली. माझी ओसरी मोठी म्हणून सगळ्या इथंच मेंदीचे कोन घेऊन बसल्यात. उद्या चिरायचं-कापायचं नाही, म्हणून म्हाताऱ्या आजच भाजी निवडून चिरून ठेवतायत. गाणं एक चाललंय, सूर तीन आहेत. यांच्यात बसून पत्र लिहिते, म्हणून एक पोरगी वाकून बघते की आत्या कोणाला लिहून राहिली. हट्ट्यातसुद्धा मी सगळ्यांची आत्याच आहे.

सोयाबीनवर फवारणी

मधेच थांबले. गाणं बंद पडलं म्हणून मान वर केली, तर फाटकाशी एसटीतून उतरून आलेला माणूस उभा आहे. धोतर धुतलेलं, हातात दवाखान्याची फाईल, गळ्याला उपरणं गुंडाळलेलं. वाळलाय. मी ओळखायला वेळ लावला असं दाखवायचं होतं, पण तेवढं जमलं नाही. त्यानं चप्पल बाहेर काढली, फाईल पायरीवर ठेवली. परका माणूस आला म्हणून बायका पदर सावरत उठायला लागल्या, तर त्यानं दोन्ही हात जोडून त्यांना अडवलं. आवाज निघत नाही, नुसता वारा येतो, पण सगळ्या गप झाल्या म्हणून ऐकू आलं. म्हणाला, "बसा बायांनो. तुमच्यासमोरच सांगायचंय."

बसल्या सगळ्या. पेन ठेवते.

आत्या